चैत्रातली शाळा : ऊन, पाणी आणि मुलांची झोप

होळी होऊन गेली, की सटाण्याच्या आसपासच्या गावांत दिवसाचे वेळापत्रकच बदलते. उन्हाळी कांद्याची काढणी सुरू होते. आंब्याच्या मोहराला बारीक कैऱ्या दिसू लागतात. सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवासाठी खानदेशातून पायी निघालेले भाविक रस्त्याने जाताना दिसतात. आणि एरवी साडेदहाच्या सुमारास होणारी प्राथमिक शाळेची घंटा सकाळी सातला वाजू लागते. ‘सकाळची शाळा’ हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऋतूचे नाव असल्यासारखा वापरला जातो.

प्राथमिक शाळेसाठी फेब्रुवारी ते एप्रिल हे वर्षातले सर्वांत गजबजलेले महिने. जंतनाशक गोळ्यांचा दिवस, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन, स्नेहसंमेलन, रंगपंचमी, पाडवा, पहिलीत येणाऱ्या नव्या मुलांचा मेळावा, वार्षिक परीक्षा आणि महाराष्ट्र दिनाचा निकाल. सगळे याच काळात येते. नेमका हाच काळ ऊन चढत जाण्याचा. त्यामुळे या दिवसांतली शाळा मुलांच्या शरीराला कशी मानवते, हा प्रश्न शिक्षकांपुरता राहत नाही. तो पालकांचा आणि गावाचाही आहे.

पंचांगातला वसंत, थर्मामीटरमधला उन्हाळा

पंचांगानुसार चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. हवामानशास्त्र मात्र मार्च ते मे हा काळ मोसमी पावसापूर्वीचा उन्हाळी काळ मानते. बागलाण तालुक्यात हे दोन्ही एकाच वेळी अनुभवता येते. पश्चिमेला साल्हेरचा १,५६७ मीटर उंचीचा किल्ला आणि सह्याद्रीच्या रांगा. तिकडे मार्चमध्येही पहाटे गारवा असतो. सटाण्याहून पूर्वेला उतरत गेले, की मालेगावचा तापलेला पट्टा लागतो. तिथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंश सेल्सियसच्या पुढे जाणे नवे नाही. एकाच तालुक्यातल्या दोन शाळांचा उन्हाळा सारखा नसतो, तो असा.

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढले, तर भारतीय हवामान विभाग त्याला उष्णतेची लाट म्हणतो. पारा ४५ अंशांवर गेला, तर सरासरीचा हिशेब न करताही लाट धरली जाते. ही मोजणी वेधशाळेतल्या सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीतली असते. पत्र्याच्या छताखाली चाळीस मुलांसह भरलेला वर्ग, दुपारी तापलेले मैदान, डांबरी रस्त्यावरून दप्तर घेऊन चालणारे सात वर्षांचे मूल, यांचे तापमान त्या आकड्यात येत नाही. म्हणून ‘आज लाटेचा इशारा नाही’ म्हणजे ‘आज मुलांना त्रास नाही’ असे समजणे चुकीचे ठरते.

लहान शरीराचा हिशेब

मूल म्हणजे आकाराने लहान केलेला मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा बरेच जास्त असते. हवा त्वचेपेक्षा थंड असते तोवर याचा फायदा होतो, कारण अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. हवा त्याहून तापली, की हिशेब उलटा होतो. जास्त पृष्ठभागातून जास्त उष्णता आत शिरते आणि शरीर थंड ठेवण्याचा घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. मुलांच्या घर्मग्रंथी मोठ्यांपेक्षा कमी घाम तयार करतात. शिवाय धावता-खेळताना मूल वजनाच्या प्रमाणात जास्त उष्णता निर्माण करते.

यावरून मुलांना ऊन सोसतच नाही, असा निष्कर्ष पूर्वी काढला जाई. मात्र अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०११ मध्ये उपलब्ध अभ्यास पुन्हा तपासून आपली भूमिका बदलली. पुरेसे पाणी मिळाले, मधूनमधून विश्रांती मिळाली आणि उन्हाची सवय हळूहळू झाली, तर निरोगी मुलांचे शरीर उष्णतेशी मोठ्यांइतकेच जुळवून घेऊ शकते, असे त्या भूमिकेचे सार आहे. खेळाच्या मैदानावर मुलांना उन्हाचा जो त्रास होतो, त्यातला बहुतेक भाग टाळता येण्याजोगा असतो.

आपल्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे. पाणी, सावली, विश्रांती आणि वेळ या चारही गोष्टी मोठ्यांच्या हातात आहेत. मूल स्वतःहून उठून पाणी प्यायला जात नाही. खेळात रंगले तर तहान विसरते. वर्गात असेल तर परवानगी मागायला लाजते.

उष्णता अभ्यासातही शिरते

उन्हाचा त्रास म्हटले, की आपल्याला चक्कर आणि उष्माघात आठवतो. त्याच्या कितीतरी आधी परिणाम होतो तो लक्षावर. अमेरिकेत सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे निकाल आणि त्यांच्या शाळांच्या परिसरातले तापमान यांची सांगड घालणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वातानुकूलन नसलेल्या शाळांत, शालेय वर्ष सरासरी एक अंश फॅरनहाइटने, म्हणजे अर्ध्या अंश सेल्सियसहून थोडे अधिक, उष्ण गेले, तर त्या वर्षीचे शिकणे सुमारे एक टक्क्याने घटते, असे त्यात आढळले.

भारतातल्या ग्रामीण मुलांच्या चाचण्यांवर आधारित अभ्यास गर्ग, जगनानी आणि ताराझ या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी मांडला. जास्त उष्ण दिवसांचे वर्ष गेले, की पुढच्या वर्षी मुलांचे गणित आणि वाचन दोन्ही घसरते, असे त्यांना दिसले. त्यांनी दाखवलेले कारण शेतकरी कुटुंबांना लगेच पटेल : पिकांना फटका बसतो, घरातले उत्पन्न घटते, आणि त्याचा भार मुलांच्या खाण्यावर, आरोग्यावर व शाळेवर येतो. म्हणजे ऊन वर्गाच्या छतातून येते, तसे शेतातूनही येते.

युनिसेफने २०२५ च्या जानेवारीत दिलेल्या आढाव्यानुसार, २०२४ या एका वर्षात हवामानाच्या आपत्तींमुळे ८५ देशांतल्या २४ कोटींहून अधिक मुलांच्या शिक्षणात खंड पडला. त्यात उष्णतेच्या लाटा हे सर्वांत मोठे कारण होते.

सातची घंटा आणि नऊ तासांची झोप

उन्हावर आपला पारंपरिक उपाय म्हणजे सकाळची शाळा. २०२५ च्या मार्चअखेर राज्याच्या शिक्षण विभागाने प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५ या वेळेत भरवण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे वेळापत्रक आले आणि उन्हाचे कारण देत शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला.

यात एक पेच आहे. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये, याच राज्याने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवाव्यात, असा निर्णय घेतला होता. मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे कारण होते. एका निर्णयाला झोपेची काळजी, दुसऱ्याला उन्हाची. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत आणि दोन्हींचे ओझे एकाच मुलावर येते.

झोपतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी. सातच्या शाळेसाठी मूल सहाला उठणार असेल, तर किमान नऊ तासांसाठी ते रात्री नऊला झोपलेले हवे. चैत्रात हे जमणे कठीण. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यात लग्नसराईची वरात, जत्रा, वीज जाणे आणि हातातला मोबाईल. मूल अकराला झोपते आणि सहाला उठते. सातच तास झोप झालेले मूल दुसऱ्या दिवशी पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते चिडचिडे आणि चंचल होते, आणि ‘हल्ली फार मस्ती करतो’ असा शेरा मिळवते.

इथे थोडे भूगोलाचे गणित कामी येते. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि सटाणा ७४ अंशांच्या जरा पुढे आहे. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे अर्धा तास मागे चालतो. मार्चअखेर इथे सूर्योदयच साडेसहाच्या सुमारास होतो आणि सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजता नव्हे, साडेबाराच्या आसपास. हवेचे तापमान तर त्यानंतर, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, सर्वाधिक असते. म्हणजे सातला शाळा भरवताना आपण मुलांना सूर्य उगवताच घराबाहेर काढतो. मार्चमध्ये शाळा साडेसातला भरून पावणेबाराला सुटली, तर मुले माथ्यावरच्या उन्हाआधीच घरी पोहोचू शकतात आणि अर्धा तास झोप वाचते. एप्रिलचा मध्य उलटल्यावर सूर्योदयही अलीकडे सरकतो आणि ऊनही तापते, तेव्हा सातची वेळ योग्य ठरते. वेळ ठरवताना सह्याद्रीलगतचे गाव आणि मालेगावच्या बाजूचे गाव यांना एकच माप लावण्याऐवजी असा विचार व्हायला हवा.

तोवर घरी काय करता येईल? दुपारी जेवून तासभर झोप हा सकाळच्या शाळेचा नैसर्गिक जोडीदार आहे. मात्र ही झोप चारच्या आत संपावी, नाहीतर रात्रीची झोप पुढे सरकते. संध्याकाळी गच्चीवर किंवा अंगणात पाणी मारून मच्छरदाणीत झोपण्याची जुनी पद्धत शरीराला मानवणारी आहे. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवला, तर पंख्याइतकाच उपयोग होतो.

पाण्याची घंटा

शरीराच्या वजनाच्या एक ते दोन टक्के पाणी कमी झाले, तरी लक्ष आणि स्मरण यांवर परिणाम होऊ शकतो, असे अनेक अभ्यास सांगतात. वीस किलो वजनाच्या मुलासाठी एक ते दोन टक्के म्हणजे २०० ते ४०० मिलिलिटर. जेमतेम एक-दोन पेले. सकाळी घाईत पाणी न पिता निघालेले, दीड किलोमीटर चालत आलेले आणि परिपाठाला उन्हात उभे राहिलेले मूल पहिल्या तासालाच या तुटीच्या जवळ असते. डोके दुखणे, पेंगणे, गडद पिवळी लघवी ही त्याची सुरुवातीची चिन्हे.

२०१९ मध्ये केरळच्या शाळांतून ‘वॉटर बेल’ची, म्हणजे पाण्याच्या घंटेची, कल्पना पुढे आली आणि नंतर इतर राज्यांतही पोहोचली. दिवसातून दोन-तीन वेळा घंटा होते आणि सगळी मुले एकदम पाणी पितात. परवानगी मागण्याचा प्रश्न येत नाही. खर्च शून्य. सकाळच्या शाळेत साडेसात, नऊ आणि सुटण्यापूर्वी अशा तीन घंटा पुरतात.

पाणी कशात ठेवायचे, याचे उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते आणि वाऱ्याने उडून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते, ती आतल्या पाण्यातून घेतली जाते आणि पाणी गार होते. आपला घामही याच तत्त्वावर काम करतो. चैत्रातल्या कोरड्या हवेत माठ उत्तम चालतो. कुंभाराचा माठ सावलीत, वारा लागेल असा ठेवला, झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे ठेवले, रोज धुतला, की झाले. विज्ञान दिनी मुलांना हाच प्रयोग देता येतो : एक माठ, एक स्टीलची कळशी आणि दोन थर्मामीटर.

या विषयाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. स्वच्छतागृह घाण असेल, त्याला कडी नसेल किंवा तिथे पाणी नसेल, तर मुली शाळेत पाणी पिणेच टाळतात. त्यातून उन्हाळ्यात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. म्हणून पाण्याची घंटा वाजवण्यापूर्वी स्वच्छतागृहाची कडी लागते का, ते पाहायला हवे.

बागलाणला पाणी वाटून घेण्याची शिकवण नवी नाही. मोसम आणि आरम नद्यांवर बंधारे बांधून, पाटाने आलेले पाणी गावाने ठरवलेल्या क्रमाने वाटून घेण्याची फड पद्धत इथे कित्येक पिढ्या चालली. पाणी कोणाला, कधी, किती, हे ठरवायला गाव एकत्र बसत असे. शाळेच्या टाकीसाठीही तसे बसता येईल.

खिचडीची सुट्टी

केंद्राच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारातून रोज ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम. सकाळच्या सत्रात या जेवणाची वेळही लवकर येते. कित्येक मुलांसाठी तो दिवसाचा पहिला भरपेट घास असतो. रिकाम्या पोटी आलेल्या मुलाला उन्हात चक्कर लवकर येते, म्हणून सकाळच्या शाळेत खिचडी शेवटच्या तासापर्यंत लांबवू नये.

शाळेच्या परसबागेतला पालक, मेथी, शेवग्याचा पाला खिचडीत गेला, तर तिची पौष्टिकता वाढते. मार्चनंतर पाण्याअभावी परसबागा वाळतात. हात आणि ताटे धुतलेले पाणी चर काढून वाफ्यात सोडले, तर शेवगा आणि कढीपत्ता तग धरतात. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळीही याच हिशेबात मोडते. पोटात जंत असतील, तर दिलेल्या अन्नातला आणि लोहाच्या गोळीतला वाटा मुलाला नीट मिळत नाही. २०१५ पासून देशभर होणाऱ्या या मोहिमेत त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांसाठी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. तो चुकवू नये.

मात्र याच काळात हजेरीपटावरच्या काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. कांदा काढणीचे दिवस असतात. काढणी, पात कापणे, चाळीत भरणे ही सगळी हाताची कामे. मजुरी करणारी आई पहाटे शेतावर जाते आणि धाकट्याला सांभाळायला तिसरी-चौथीतली बहीण घरी राहते, नाहीतर दोघेही शेताच्या बांधावर. आदिवासी पट्ट्यातली काही कुटुंबे मजुरीसाठी गावच सोडतात. अशा मुलीचा अभ्यास बुडतो, एवढेच होत नाही. ज्या आठवड्यांत ऊन सर्वाधिक, त्याच आठवड्यांत तिचे शाळेतले जेवण, पाणी आणि सावली तिन्ही सुटतात. धाकट्या भावंडाला सोबत आणण्याची मुभा देणारी शाळा आणि अंगणवाडीची वेळ शाळेशी जुळवणारे गाव अशी गळती पुष्कळ कमी करू शकते.

मे महिन्यात तर जेवण सगळ्यांचेच थांबते. दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला आहे. दुष्काळ जाहीर झाला, की गावाने या जेवणाची मागणी करायला हवी. दुष्काळात गोरगरिबांसाठी सरकारी खजिना खुला करणारा मामलेदार म्हणून यशवंतराव महाराजांची आठवण सटाणा आजही देव मामलेदार या नावाने जपते. त्या गावाला ही मागणी परकी वाटू नये.

ऊन टाळायचे, उजेड नाही

ऊन वाढले, की मुलांना घरात कोंडण्याकडे कल होतो आणि घरात मोबाईल असतो. डोळ्यांच्या दृष्टीने हे महागात पडते. चीनमधल्या ग्वांगझो शहरातल्या १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानावरचा तास वाढवला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लांबचे धूसर दिसण्याचा दोष, म्हणजे मायोपिया, जडला होता. उरलेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. मोकळ्या जागेतला उजेड डोळ्यांचे रक्षण करतो, याचा हा भक्कम पुरावा मानला जातो.

यासाठी उन्हात उभे राहावे लागत नाही. झाडाच्या दाट सावलीतही वर्गातल्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. म्हणून सकाळच्या शाळेचा पहिला किंवा दुसरा तास कडुनिंब, करंज किंवा चिंचेखाली घेतला, तर डोळ्यांनाही लाभ आणि वर्ग तापण्याआधीचा गारवाही. करंजाला याच दिवसांत नवी पालवी येते, पळस पाने गाळून फुलतो, निंबाला बारीक पांढरा मोहर येतो. कोणत्या झाडाला पहिले फूल कधी आले, याची वही मुलांनी दरवर्षी ठेवली, तर पाच-सहा वर्षांत गावाच्या वसंताची नोंद तयार होते. पळसाची फुले उकळून रंगपंचमीचा रंग करणे हाही त्याच अभ्यासाचा भाग. बाजारातल्या काही रंगांत शिसे, पारा यांची संयुगे आढळलेली आहेत. त्वचा आणि डोळे यांना पळसाचा केशरी-पिवळा रंग केव्हाही बरा.

शाळा गावाची

एप्रिल २०२२ पासून राज्यात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारी मेळावा भरतो. मूल आणि आई नोंदणीपासून एकेका टेबलाकडे जातात. उड्या मारणे, रंग-आकार ओळखणे, वस्तू मोजणे, चित्रावरून गोष्ट सांगणे, असे खेळ होतात. मग आयांचे गट तयार होतात आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत घरीच खेळांतून तयारी करून घेतात. बागलाणातल्या अनेक घरांत अहिराणी बोलली जाते. गोष्ट अहिराणीत सांगणाऱ्या मुलाला तिथे अडवले नाही, तर शाळेची भीती तिथेच निम्मी होते.

हे माता-गट अभ्यासाइतकेच आरोग्यासाठी उपयोगी आहेत. पाण्याची बाटली, टोपी, सुती कपडे, रात्रीची झोप या गोष्टी भाषणाने पसरत नाहीत. शेजारणीने सांगितल्यावर पसरतात. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे ठरवले आहे. फेब्रुवारीच्या बैठकीत या समितीने उन्हाळ्याचा विषय घ्यावा.

सर्वांत स्वस्त काम छताचे. पत्र्यावर किंवा स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा हात दिला, की बरेचसे ऊन परतवले जाते आणि खोली काही अंशांनी गार राहते. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याची मोहीम घेतली. गावाच्या श्रमदानातून शाळेचे छत एका सकाळी होऊ शकते. सोबत प्रत्येक वर्गात एक साधा थर्मामीटर टांगावा. चौथीच्या मुलांनी सकाळी साडेसात आणि अकराला तापमान वहीत लिहावे, छत पांढरे करण्याआधीचे आणि नंतरचे. गणिताचा, विज्ञानाचा तास होईलच, शिवाय शाळेच्या वेळेबद्दल बोलायला गावाकडे स्वतःचे आकडे असतील.

हे ध्यानात ठेवा

• सकाळी घरून निघताना एक पेला पाणी आणि काहीतरी खाणे : भाकरी, केळे, दूध, काहीही.

• परिपाठ सावलीत. नऊनंतर मैदानावर धावण्याचे खेळ नकोत.

• डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, खूप घाम : मुलाला सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला आणि घोट घोट ओआरएस द्या.

• ओआरएसचे पाकीट नसेल, तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

• अंग खूप तापलेले, मूल असंबद्ध बोलते, झटके येतात किंवा शुद्ध हरपते : हा उष्माघात असू शकतो. तोंडाने काहीही देऊ नका. अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा आणि लगेच १०८ ला फोन करा.

• ताप असलेले, जुलाब झालेले किंवा आजारातून नुकतेच उठलेले मूल उन्हात लवकर ढासळते. त्याला दोन दिवस जास्त विश्रांती द्या.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, खानदेशात निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात आणि पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. भर उन्हाळ्यातल्या सणात सावली आणि पाणी या दोन गोष्टींना मान देणारी ही रीत आहे. शाळेच्या आवाराला त्याच दोन गोष्टी मिळाल्या, तर वर्षाचे शेवटचे दोन महिने मुलांना नुसते सोसावे लागणार नाहीत. पुढच्या होळीला अजून अवकाश आहे. तोवर चुना, माठ, कडी आणि चार रोपे यांची तजवीज करायला हरकत नाही.